डेड हॉर्स पॉइंट : नजरेच्या टप्प्यातले पाणी

सेवानिवृत्तीनंतर आम्हा उभयतांचा अमेरिकेस जाण्याचा हा दुसरा योग होता. कन्या व जावई सॉल्ट लेक सिटी येथे राहतात. पहिल्या खेपेस न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन असे सर्वजण पाहतात ते पाहून झाले होते. या खेपेस जावईबापू म्हणाले, "पप्पा, यंदा गर्दीची ठिकाणे नकोत. वाळवंटातल्या एका कड्यावरून चालायला जाऊ." वाळवंट म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. कडा म्हटले की सह्याद्री आणि पावसाळा आठवतो. या दोहोंची सांगड मनात काही केल्या बसेना. ती प्रत्यक्ष पाहिल्यावरच बसली, आणि त्याबरोबर आणखी एक जुनी गोष्ट मनात वर आली. ती वाचकांपुढे मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. सकाळी लवकर निघून आम्ही दक्षिणेचा रस्ता धरला. सोल्जर समिट नावाचा सुमारे साडेसात हजार फूट उंचीचा घाट ओलांडला, प्राइस हे कोळशाच्या खाणींचे गाव मागे टाकले, आणि तेथून पुढे हिरवा रंग जणू कोणी पुसून काढावा तसा नाहीसा होत गेला. उरली ती राखाडी, पिवळी आणि शेवटी तांबडी जमीन. सुमारे ३८० किलोमीटरचा प्रवास करून आम्ही मोआब या लहानशा गावी मुक्कामास पोहोचलो. कोलोरॅडो नदी या गावाला लागूनच वाहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथून पन्नासेक किलोमीटर वळणे घेत एका विस्तीर्ण पठारावर चढलो. हेच युटा राज्याचे डेड हॉर्स पॉइंट उद्यान. सन १९५९ मध्ये ते राज्य उद्यान म्हणून घोषित झाले.

या पठाराची उंची सुमारे १,८०० मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहूनही उंच असलेल्या सपाटीवर आम्ही मोटारीत बसून आलो होतो. वर्षभरात येथे पडणारा पाऊस सुमारे २५० मिलिमीटर. आपल्याकडचा जो भाग आपण कायम दुष्काळी म्हणून ओळखतो, तेथेही याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. उद्यानाच्या माहिती केंद्रापाशी पोहोचताच जावईबापूंनी जी माहिती दिली ती ऐकून मी थबकलोच. या उद्यानात पाण्याचा कोणताही स्रोत नाही. लागणारे सारे पाणी मोआबहून टँकरने आणावे लागते, म्हणून येणाऱ्याने आपले पाणी आपण आणावे अशी विनंती केलेली असते. टँकर! माझ्या नोकरीची कित्येक वर्षे ज्या शब्दाभोवती गेली तो शब्द मला सात समुद्रांपलीकडे पुन्हा भेटला.

सौ.च्या गुडघ्यांना चढउतार सोसत नाही. पॉइंटपर्यंत पक्का रस्ता असल्याने कन्या तिला आणि जेवणाच्या डब्यांना घेऊन मोटारीने पुढे गेली. जावईबापू, अकरा वर्षांची नात आणि मी असे तिघे पूर्वेकडच्या कड्यावरील पायवाटेने निघालो. माहिती केंद्रापासून टोकापर्यंतचे हे अंतर सुमारे अडीच किलोमीटर. पश्चिमेच्या कड्यावरून परतायचे ठरविल्यास पूर्ण फेरा आठ किलोमीटरांच्या आसपास होतो. चढ असा फारसा नाही. वाट कधी तांबड्या मातीतून, कधी उघड्या सपाट कातळावरून जाते. कातळावर वाट उमटत नाही, म्हणून तेथे लहान दगडांच्या राशी रचून दिशा दाखविलेली असते. उजव्या हाताला खुरट्या झाडांचे विरळ रान, आणि डाव्या हाताला काही पावलांवर एकाएकी काहीच नाही! कठडा नाही, तार नाही. जमीन संपते आणि खाली शेकडो फूट सरळ तुटलेला कडा.

थोडे पुढे गेल्यावर नातीने माझा हात ओढला. "आजोबा, तिथे पाय नको. ती माती जिवंत आहे." मला वाटले, पोरीची काही गंमत असेल. पण जावईबापूंनी खुलासा केला. वाटेच्या दोन्ही बाजूंना जी काळपट, फोड आल्यासारखी खडबडीत माती दिसत होती, तिच्या वरच्या थरात अतिसूक्ष्म जीव, दगडफुले आणि शेवाळ यांची एकत्र वस्ती असते. त्यांच्या धाग्यांनी मातीचे कण एकमेकांस बांधले जातात, त्यामुळे ती वाऱ्याने उडत नाही, पावसाचे पाणी धरून ठेवते आणि नायट्रोजनही कमावते. या प्रदेशातील प्रत्येक झाड तिच्या आधारावर उभे आहे. माणसाच्या एका पावलाने तो थर मोडला, तर तो पूर्ववत होण्यास कित्येक वर्षे, कधी दशकेही लागतात. खाली पाहून चालावे, ही आमच्या घरातील जुनी शिकवण. ती आजीने मला दिली होती. येथे नात मला देत होती, आणि मी ती निमूटपणे पाळली.

झाडेही आगळीच. पिन्यॉन पाइन आणि जुनिपर ही दोन मुख्य. जुनिपरची खोडे पिळून काढलेल्या कपड्यासारखी दिसतात. एका झाडाची निम्मी फांदी वाळून राखाडी झालेली आणि उरलेली निम्मी हिरवीगार, असे दृश्य जागोजागी होते. पाणी फारच कमी पडू लागले की हे झाड आपल्याच एखाद्या फांदीचा पाणीपुरवठा तोडते व बाकीचे जगविते, असे समजले. ताळेबंद कसा राखावा हे या झाडास कोणी शिकविले असेल, असा बँकवाल्याचा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

याच सुमारास माझी एक चूक उघड झाली. हवा थंड होती, घाम दिसत नव्हता, तहानही लागलेली नव्हती. जावईबापू दर थोड्या वेळाने "पप्पा, पाणी घ्या" म्हणत होते आणि मी "हो, हो" म्हणून पुढे चालत होतो. दुष्काळी मुलुखात वाढलेल्या माणसास पाणी साठविण्याची सवय असते, पिण्याची नव्हे! दीड लिटरची बाटली पाठीवर जवळजवळ भरलेली होती, याचे मला मनातून समाधानच वाटत होते. आणि एका वळणावर, कड्यापासून आठ-दहा पावलांवर, डोके गरगरले. क्षितिज किंचित कलल्यासारखे झाले. मी हात पुढे केला तो जावईबापूंनी धरला व मला एका जुनिपरच्या सावलीत बसविले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "या उंचीवर हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याबरोबर उडून जातो, आणि शरीर कोरडे पडले तरी कळत नाही. पप्पा, बाटलीत वाचवलेले पाणी कोणाच्या उपयोगाचे? ते पोटात हवे." घोट घोट करीत अर्धी बाटली संपविली, मिठाचे शेंगदाणे खाल्ले. वीस मिनिटांत बरे वाटले. पण ते वाक्य मात्र मनात घर करून बसले.

पुढे पठार अरुंद होत जाते, आणि एका ठिकाणी त्याची जणू मान आवळली जाते. इंग्रजीत त्यास 'नेक', म्हणजे मानच म्हणतात. येथे रुंदी जेमतेम ९० फूट. दोन्ही बाजूंस खोल दरी. त्यापलीकडे पठार पुन्हा रुंदावते आणि शेवटी टोकास येऊन संपते. या जागेच्या नावामागील कथा नातीने आम्हांस तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पठारावर रानटी घोड्यांचे कळप फिरत असत. गुराख्यांच्या लक्षात आले की, ही जागा म्हणजे निसर्गाने बांधलेला कोंडवाडाच आहे. घोड्यांना हाकत या मानेपलीकडे न्यायचे, आणि ती ९० फुटांची वाट झाडांच्या फांद्या व झुडपे टाकून बंद करायची. बाकी सर्व बाजूंस कडा, त्यामुळे कुंपणाचा खर्च नाही. मग त्यातील उमदी जनावरे निवडून विक्रीस न्यायची व उरलेली सोडून द्यायची. एका खेपेस मात्र उरलेली घोडी तेथेच राहिली. कोणी म्हणतात, दार बंदच राहिले. कोणी म्हणतात, दार उघडे होते, पण घोड्यांना बाहेर पडण्याचे सुचले नाही. काही असो, ती घोडी तहानेने तडफडून मेली, आणि तीही कोलोरॅडो नदीचे पाणी डोळ्यांना दिसत असताना! ही दंतकथा आहे, तिला कागदोपत्री पुरावा नाही. परंतु स्थळाचे नाव तेवढे तिने कायमचे देऊन ठेवले आहे.

कथा सांगून झाल्यावर नातीने विचारले, "आजोबा, दार बंद होतं की उघडं, हे बघायला कोणी परत का आलं नाही?"

मी काही उत्तर दिले नाही. चालू लागलो.

टोकावर सौ. आणि कन्या आमची वाट पाहत होत्या. तेथे दगडी कठडा आहे. त्यापाशी उभे राहिल्यावर जे दिसले त्याचे वर्णन करावयास माझी लेखणी अपुरी आहे, तरी प्रयत्न करतो. पायांखाली सुमारे २,००० फुटांवर नदी. ती सरळ न वाहता राजहंसाच्या मानेसारखे वळण घेऊन जवळजवळ स्वतःलाच परत येऊन भेटते. तिच्या दोन्ही अंगांना पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेले खडकांचे थर, वर तांबडे, मध्ये जांभळट, खाली विटकरी. सर्वांत खालच्या थरांचे वय सुमारे ३० कोटी वर्षे सांगतात. पठार हळूहळू वर उचलले गेले आणि नदी आपली जुनी वळणे न सोडता त्यात खोल खोल उतरत गेली. पूर्वेस ला साल पर्वताची शिखरे, बारा हजार फुटांहून उंच. एवढ्या पसाऱ्यात आवाज म्हणून नव्हता. नदी वाहताना दिसत होती पण ऐकू येत नव्हती. दोन हजार फूट म्हणजे किती, हे त्या शांततेवरून कळत होते.

पूर्वेच्याच बाजूला खाली गडद निळ्या रंगाचे काही चौकोन दिसले. त्या तांबड्या भूमीत ते अगदी परके वाटत होते. ते पोटॅशचे तलाव असल्याचे समजल्यावर माझे कान टवकारले. म्युरेट ऑफ पोटॅश! पीककर्जाच्या प्रकरणांना जोडलेल्या खतांच्या बिलांवर हे नाव मी हजारो वेळा वाचले असेन. आपल्या देशास लागणारे पोटॅश जवळपास सर्वच्या सर्व आयात होते, हे ठाऊक होते. पण ते जमिनीतून निघते कसे, हे कधी मनात आले नव्हते. येथे आधी खोल खाण होती. सन १९६३ च्या ऑगस्टमध्ये तिच्यात स्फोट होऊन १८ कामगार मृत्युमुखी पडले. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभापासून पद्धत बदलली. आता नदीचे पाणी जमिनीत खोल सोडतात, त्यात क्षार विरघळतात, ते खारट पाणी वर काढून या तलावांत उन्हाने आटवितात. ऊन अधिक शोषले जावे म्हणून त्यात निळा रंग घालतात.

मी सहज हिशेब केला. ज्या नदीकडे पाहत घोडी मेली, त्याच नदीचे पाणी आज पंपाने उचलून क्षार काढण्यासाठी वापरले जाते. म्हणजे पाणी आवाक्याबाहेर होते असे नव्हे. ज्याच्यापाशी साधन आहे, त्याच्या आवाक्यात ते होतेच. नदीच्या वाटपाचीही कथा आपल्या ओळखीची निघाली. सन १९२२ मध्ये सात राज्यांनी करार करून वरच्या व खालच्या खोऱ्यांस दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी वाटून दिले. आपल्या मापात सांगायचे तर प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी, म्हणजे कोयनेसारखी तीन धरणे भरून थोडे उरेल इतके. १९४४ च्या तहाने मेक्सिकोचा वाटा त्यात आणखी पडला. परंतु मूळचे मोजमाप चांगल्या पावसाच्या वर्षांतले होते. नदीत तेवढे पाणी नसतेच. खात्यात शिल्लक नसताना धनादेश लिहून दिल्यासारखाच हा प्रकार, आणि त्याचे भांडण शंभर वर्षे झाली तरी मिटलेले नाही.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे असा डबा उघडला. सर्वजण गप्पांत रमले. मी मात्र त्या मानेकडे पाहत होतो. नातीचा प्रश्न माझ्या पाठीशी लागला होता, आणि तो कोठे नेणार हे मला ठाऊक होते.

सन २०१२-१३ चा दुष्काळ. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका शाखेत व्यवस्थापक होतो. एका शेतकऱ्याने पाइपलाइनसाठी कर्ज मागितले होते. त्याची विहीर आटली होती, पण दीड-दोन किलोमीटरवर नातेवाइकाच्या विहिरीस पाणी होते व तो देण्यास राजी होता. त्याच्या बांधावरून ती विहीर दिसते, असे तो सांगे. प्रकरण चांगले होते. पण सातबाऱ्यावर मयत वडिलांचे नाव होते, म्हणून मी ते वारसनोंदीसाठी परत पाठविले. ती झाली, तेव्हा भावांची संमती हवी होती. ती आली, तेव्हा दुसऱ्या संस्थेचा बेबाकी दाखला राहिला होता. प्रत्येक वेळी नियमाप्रमाणेच वागलो. तो दाखला घेऊन तो आला त्या आठवड्यात माझी बदली झाली होती. मी कागद ठेवून घेतला, "पाहतो" म्हणालो. फाईल टेबलाच्या डाव्या कप्प्यात राहिली, आणि कार्यभार सोपविताना यादीत तिची नोंद करण्याचे राहून गेले.

आठ-नऊ महिन्यांनी आठवड्याच्या बाजारात तो मला भेटला. बैलजोडी विकून टाकली होती, गाय चारा छावणीतच गेली. मी शरमून काही बोलणार, तोच तो म्हणाला, "सायेब, न्हाई म्हनला असता तरी चाललं असतं. म्या दुसरीकडं गेलो असतो. तुमी कायच म्हनला न्हाईसा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

त्याच दिवशी मी जुन्या शाखेत दूरध्वनी करून फाईल शोधायला लावली, आणि पुढे कर्ज मंजूरही झाले. पण ज्या उन्हाळ्यासाठी ते हवे होते तो उन्हाळा निघून गेला होता. एकतीस वर्षांच्या सेवेत माझ्या नावावर एकही ठपका नाही. या प्रकरणाचाही नाही, कारण नियम मोडलेला नव्हता. निरोप समारंभात माझ्या चोख कारभाराची स्तुती झाली, तेव्हा मला तो डावा कप्पा आठवला होता. डेड हॉर्स पॉइंटवर तो दुसऱ्यांदा आठवला. गुराखी दुष्ट असतील असे मला वाटत नाही. आपले काम उरकून ते पुढच्या कामास लागले असतील. मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे पाहण्यास परत येणे तेवढे राहून गेले.

परतीस पश्चिमेच्या कड्याने जाण्याची माझी हौस होती, पण सकाळची भोवळ ध्यानात घेऊन जावईबापूंनी नकार दिला. तो त्यांनी स्पष्ट शब्दांत दिला, आणि मला तो आवडला. मी मोटारीत बसलो. चालत गेले ते बापलेक. मान ओलांडताना मी काच खाली करून दोन्हीकडची दरी पाहून घेतली.

ज्यांना जाण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. वसंत आणि शरद हे ऋतू उत्तम, उन्हाळा टाळावा. माणशी दिवसास चार लिटर पाणी मोआबहूनच भरून घ्यावे, आणि तहानेची वाट न पाहता ते प्यावे. शाकाहारी जेवणाचा डबा सोबत असावा. लहान मुलांचा हात कड्यापाशी सोडू नये. पाऊल कातळावर किंवा वाटेवरच टाकावे. ज्यांना चालणे झेपत नाही, त्यांना मोटारीने थेट टोकापर्यंत जाता येते. रात्रीचे आकाश तेथे अत्यंत निर्मळ असते, जमल्यास तारे पाहण्यासाठी थांबावे.

आणि एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचा व्यापार आहे, पेढी आहे, हाताखाली माणसे आहेत. कोणी उचल मागितलेली असते, कोणाचे बिल अडलेले असते, कोणी मुलास कामावर घ्या म्हणून सांगून गेलेले असते. आपण "पाहू" म्हणतो आणि खरोखरच विसरतो. घरी परतल्यावर एकदा आपला डावा कप्पा उघडून पाहावा. देता येत असेल तर द्यावे, नसेल तर तसे आजच कळवावे. मी सेवेत असताना हे केले नाही. आता माझ्याकडे मंजूर करण्यासारखे काही उरलेले नाही, तरी कोणाचे पत्र वा निरोप आला की त्याच दिवशी उत्तर देण्याचा नियम मी परत आल्यापासून पाळीत आहे.